सही चालते आहे तोवर: आईबाबांच्या कागदपत्रांची आणि देखभालीची तयारी

माझ्या काकांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा घरात सगळं होतं. पैसे होते, दोन मुलं होती, स्वतःचा फ्लॅट होता, इतकंच काय, रीतसर नोंदवलेलं मृत्युपत्रही होतं. गेली ती फक्त सही. उजवा हात गेला, वाचा गेली. मुदत ठेवी सगळ्या त्यांच्या एकट्याच्या नावावर. चुलतभाऊ बँकेत खेपा घालत होता आणि हॉस्पिटलचं बिल त्याच्या क्रेडिट कार्डावर चढत होतं. मृत्युपत्र कपाटात पडून होतं, कारण ते कामाला यायचं तर आधी माणूस जावा लागतो. काका त्यानंतर अडीच वर्षं जगले.

म्हणून कुणी मला विचारलं, "आईबाबांचं विल करायचंय, सुरुवात कुठून करू?" की मी सांगते, विल करायचंच आहे, पण त्याचा नंबर पहिला नाही. आधी त्या मधल्या काळाची सोय करा, ज्यात माणूस असतो पण त्याची सही चालत नाही. मी वकील नाही. आईबाबांचं, मग मावशीचं आणि शेजारच्या एका आजोबांचं हे सगळं करताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. कायदा भारताचा, व्यवहार महाराष्ट्रातला.

पहिली पायरी: विषय काढणं

इथेच बहुतेक घरं अडतात. "बाबा, तुमच्यानंतर काय?" अशी सुरुवात केली की बाबा पेपर उघडतात आणि आई स्वयंपाकघरात जाते. माझ्या बाबतीत एकच युक्ती चालली. मी आधी माझं स्वतःचं मृत्युपत्र केलं आणि बाबांना साक्षीदार कोण घ्यावेत ते विचारलं. दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, "माझ्या त्या पोस्टातल्या खात्याला नॉमिनी कोण आहे, बघशील का?"

दोन पथ्यं. सगळ्या भावंडांना एकाच वेळी कळू द्या, निदान फोनवर तरी. एका मुलाने एकट्याने केलेलं काम कितीही स्वच्छ असलं तरी पुढे संशयाने पाहिलं जातं. आणि आईला वेगळं विचारा. बाबांसमोर ती "ते म्हणतील तसं" एवढंच म्हणेल.

दुसरी पायरी: यादी आणि नावांची दुरुस्ती

एक वही घ्या. बँक खाती, ठेवी, पोस्ट, विमा, म्युच्युअल फंड, शेअर, लॉकर, पेन्शन, घर, शेती, कुणाला दिलेले आणि कुणाकडून घेतलेले पैसे. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: नाव नेमकं कसं लिहिलंय, दुसरा खातेदार कोण, नॉमिनी कोण. पासवर्ड या वहीत नकोत. पण बाबांच्या मोबाईलचं कुलूप कसं उघडतं हे घरातल्या एकाला माहीत हवं, कारण हल्ली सगळे ओटीपी तिथेच येतात.

यादी झाली की नावांचे घोळ दिसायला लागतात. आईचे जुने शेअर माहेरच्या नावाने, आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरंच. हे दुरुस्त करायला तिची सही किंवा अंगठा लागतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात आणि आधारचं यंत्र ते ओळखत नाही. तेव्हा डोळ्याच्या बुबुळाची किंवा चेहऱ्याची पडताळणी करायला सांगा, ती सोय आहे. दहा वर्षं न हललेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. तो पैसा बुडत नाही, मागता येतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नावाने शोधता येतो. आमच्या मावशीची एक ठेव तशीच सापडली.

तिसरी पायरी: बँक

सगळ्यात जास्त उपयोग याच पायरीचा होतो आणि वकिलाची गरज पडत नाही. रोजच्या खर्चाचं एक खातं आईबाबांपैकी एक आणि जवळ राहणारं एक मूल अशा दोघांच्या नावावर करा. चालवण्याची पद्धत 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी लिहून द्या. त्यात साधारण सहा महिन्यांचा खर्च आणि एका हॉस्पिटल वारीपुरते पैसे असावेत, सगळी पुंजी नको. संयुक्त खातेदाराला सगळे पैसे काढता येतात आणि नंतर ते कुणाचे होते यावर भांडणं होतात.

मुदत ठेवींत एक खाच आहे. 'दोघांपैकी कोणीही' लिहिलेली ठेव मुदत संपल्यावर एकाच्या सहीने मिळते, पण मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. आजारपण काही ठेवीची तारीख बघून येत नाही. त्यामुळे वीस लाखांची एक ठेव करण्यापेक्षा दोन-दोन लाखांच्या, वेगवेगळ्या महिन्यांत संपणाऱ्या ठेवी करा.

आणि वेळ आलीच, बाबा अंथरुणावर आहेत, सही करता येत नाही पण समजतंय, तर बँक नाही म्हणाली म्हणून परत फिरू नका. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अशा खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असंही बँकांना २०१७ मध्येच सांगितलेलं आहे. काकांच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आता मी सगळ्यांना सांगत सुटते.

नॉमिनेशन. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, ठेवींसाठी टक्केवारीने किंवा एकामागून एक (पहिला हयात नसेल तर दुसरा). लॉकरसाठी मात्र एकामागून एक एवढंच. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो आणि वारसांना किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांना देणं लागतो. शेअरच्या बाबतीतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. आयुर्विम्याचा थोडा अपवाद आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. सोसायटीतला नॉमिनीही वारसाहक्क ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. "दादाचं नाव नॉमिनीत आहे म्हणजे फ्लॅट दादाचा" हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, तिथे पुढे कोर्टाची पायरी ठरलेली.

चौथी पायरी: मुखत्यारपत्र, आणि ते कुठे तुटतं

पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून ठेवली की झालं, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटत होतं. पण भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०१ सांगतं की मुखत्यार नेमणारा माणूस मरण पावला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचे अधिकार संपतात. म्हणजे बाबांना डिमेन्शिया झाला, ते कोमात गेले, की नेमका गरजेच्या वेळी तो कागद निकामी. काही देशांत अशा अवस्थेतही टिकणारं मुखत्यारपत्र असतं. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

मग करायचं कशाला? बाबांचं डोकं शाबूत आहे पण गुडघे नाहीत, अशा वर्षांसाठी, आणि अशी वर्षं पुष्कळ असतात. कर भरणं, भाडेकरूंशी व्यवहार, सरकारी कचेरीतल्या खेपा एवढ्या कामांपुरतं, कामांची नावं लिहून मुखत्यारपत्र करा. घर विकण्याचा अधिकार सहज म्हणून त्यात घालू नका. परदेशातल्या भावाने किंवा बहिणीने तिथून पाठवायचं असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करावं लागतं किंवा तिथल्या नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून त्या देशाच्या सरकारचं प्रमाणपत्र) घ्यावं लागतं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही तीन महिन्यांची मुदत हमखास चुकते.

क्षमता पूर्ण गेल्यावर मार्ग उरतो तो मुख्यतः उच्च न्यायालयाचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करून पत्नीला किंवा मुलाला पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं. न्यायालयं असे आदेश देतात, पण त्याला वैद्यकीय अहवाल, वकील आणि वेळ लागतो. म्हणूनच तिसऱ्या पायरीवर मी एवढी रेंगाळले. विस्मरणाची सुरुवात दिसत असेल तर आणखी एक छोटा कागद करा: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येतो. तो त्या आजाराच्या उपचारांत त्यांच्या वतीने बोलतो. पैशांचे अधिकार त्याला मिळत नाहीत.

पाचवी पायरी: उपचार कुठवर

आयसीयूच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या तीन भावंडांना "व्हेंटिलेटर लावायचा का?" हा प्रश्न विचारणं फार क्रूर आहे. त्याचं उत्तर ज्याचं त्याने आधी देऊन ठेवावं, यासाठी लिव्हिंग विल असतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली, पण पहिली पद्धत इतकी किचकट होती की ती वापरली जाईना. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेतलं की पुरतं. आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा त्यांची नावं त्यात लिहायची, एकापेक्षा जास्त चालतात. एक प्रत घरच्यांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

हा कागद केला म्हणून साध्या न्यूमोनियाचे उपचार कुणी थांबवत नाही. बरं होण्याची आशा उरलेली नाही आणि रुग्ण स्वतः सांगू शकत नाही, तेव्हाच तो उघडायचा. त्यातही आधी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचं मंडळ आणि मग दुसरं मंडळ मत देतं. त्यात "मला त्रास नको" असं मोघम लिहू नका. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, एकेक नाव घेऊन हो की नाही ते लिहा. आणि वेदना कमी करणारे उपचार शेवटपर्यंत हवेत, हे जरूर लिहा.

खर्चाचं थोडक्यात. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं कार्ड मिळतं. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. ते आधीच काढून ठेवा, आणि घराजवळचं कोणतं हॉस्पिटल या योजनेत आहे तेही बघून ठेवा. खाजगी विमा पासष्टीनंतर मिळतच नाही, हे आता जुनं झालं. ती वयाची अट एप्रिल २०२४ पासून गेली आहे. हप्ता परवडतो का, हा प्रश्न वेगळा.

सहावी पायरी: मृत्युपत्र

याची भीती उगाच आहे. साधा कागद चालतो, मराठी चालते, स्टॅम्प पेपर लागत नाही. करणारा सज्ञान आणि भानावर हवा, त्याने सही करायची आणि त्याला सही करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांनी सह्या करायच्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार सज्ञान, पण आईबाबांपेक्षा वयाने लहान घ्या. बाबांचे पंच्याऐंशी वर्षांचे मित्र भावनेच्या दृष्टीने ठीक, पण पुढे गरज पडेल तेव्हा ते कोर्टात यायला हवेत ना.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. दुय्यम निबंधकाकडे ती केव्हाही होते. त्याच दिवशी डॉक्टरांकडून 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असा दाखला घ्या, कारण मृत्युपत्रावरचं पहिलं आव्हान हेच असतं की त्यांना तेव्हा कळत नव्हतं. मात्र नोंदवलेलं म्हणजे कायमचं असं नाही. नंतरचं, साध्या कागदावरचं पण नीट साक्षीदार असलेलं मृत्युपत्र आधीच्या नोंदवलेल्यावर मात करतं. त्यामुळे तारीख ठळक घाला आणि "याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य घाला.

मजकुरात चार गोष्टी विसरल्या जातात. मृत्युपत्र अमलात कोण आणणार त्याचं नाव. यादीत न आलेली मालमत्ता कुणाची. कुणाला कमी दिलं असेल तर का, एका वाक्यात. आणि चौथी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: घर मुलाच्या नावावर करताना आई हयात असेपर्यंत तिला तिथे राहण्याचा हक्क. हे एक वाक्य राहिलं म्हणून सत्तरीत मुलांच्या मर्जीवर राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

स्वतःची मालमत्ता कुणालाही देता येते, वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त आपला हिस्सा. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची स्वतःची मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई यांच्यात सारखी वाटली जाते. लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या. बायकांचं वेगळं आहे, आणि ते बायकांनाच माहीत नसतं. मूलबाळ नसलेल्या हिंदू विधवेने नोकरी करून कमावलेला पैसासुद्धा, तिने काही लिहून ठेवलं नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. तिची आई आणि बहीण त्यानंतर. माझ्या मावशीने हे ऐकलं आणि त्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं.

घर आत्ताच नावावर करून द्यायचं का?

ही पायरी नाही, हा खड्डा आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. स्वस्त म्हणून लोक घाई करतात. पण बक्षीसपत्राने मालकी आजच जाते. मृत्युपत्र उद्या बदलता येतं, बक्षीसपत्र नाही.

द्यायचंच असेल तर कागदातच लिहा की घेणाऱ्याने देणाऱ्याचा सांभाळ करायचा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७ च्या कलम २३ प्रमाणे ही अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावं असं म्हटलं आहे, तरी कागदात अट स्पष्ट असलेली बरी. याच कायद्याखाली आईवडील निर्वाहखर्चासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतात. कायद्यात निर्वाहभत्त्याची मर्यादा महिना १०,००० रुपयांची आहे आणि निकाल साधारण ९० दिवसांत अपेक्षित आहे. अपत्य नसलेल्यांना, मालमत्ता ज्याला मिळणार आहे त्या नातेवाइकाविरुद्धही अर्ज करता येतो. कुठे जायचं ते कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

सातवी पायरी: रात्री उठून कोण बघणार?

देखभालीची सगळी चर्चा "आम्ही आहोत ना" या वाक्यावर संपते. त्या वाक्याचं वेळापत्रक करा. औषधं कोण देणार, डॉक्टरकडे कोण नेणार, रात्री बाथरूमला जाताना कोण उठणार, प्रत्येकापुढे एकाच माणसाचं नाव. बहुतेक घरांत सगळ्या रकान्यांत एकाच बाईचं नाव येतं, सुनेचं किंवा लग्न न झालेल्या मुलीचं. ते कागदावर दिसलं की बाकीच्यांना काहीतरी बोलावंच लागतं. जो करतो त्याला बोलणी आणि जो लांबून येतो त्याला मान, हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे. लांबच्या भावंडाने पैसे द्यावेत आणि वर्षातून एकदा दोन आठवडे येऊन सांभाळणाऱ्याला पूर्ण सुटी द्यावी, हे आधी ठरवा.

ब्युरोतून देखभालीसाठी पगारी बाई, म्हणजे 'मावशी', ठेवणार असाल तर बारा तासांची की चोवीस, आठवड्याची सुटी कधी, सुटीच्या दिवशी बदली कोण देणार, हे ब्युरोकडून लेखी घ्या. पोलिसांकडून पडताळणी करून घ्या. तिच्याशी नीट वागा, हे मी मुद्दाम लिहिते आहे. चांगली मावशी टिकत नाही ती बहुतेकदा पगारामुळे नाही, घरातल्यांच्या बोलण्यामुळे.

वृद्धाश्रम बघायला जाल तेव्हा बागेपेक्षा करार बघा. अंथरुणाला खिळल्यावर ठेवतात का? अनेक ठिकाणी फक्त चालते-फिरते माणूस घेतात. डिपॉझिट कधी आणि किती परत? रात्री नर्स असते का? आणि संध्याकाळी सातला, न कळवता, पुन्हा एकदा जाऊन या.

फाइल कुठे ठेवायची

वही, मृत्युपत्राची प्रत, लिव्हिंग विल, विमा, आयुष्मान कार्ड, औषधांची चालू यादी आणि शेवटचा डिस्चार्ज कागद एका फायलीत. मूळ मृत्युपत्र बाबांच्या एकट्याच्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला कागद लागतात आणि कागद लॉकरमध्ये असतात. सरकारी पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावाच लागतो. त्याच दिवशी चहा झाल्यावर ही फाइल काढा, नॉमिनींची नावं वाचा, संपलेल्या ठेवी खोडा, नव्या लिहा आणि खाली तारीख घालून आईबाबांची सही घ्या. सही थरथरायला लागली असेल तर दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन सहीचा नमुना बदलून या.